वस्तू कुठे होती : एका वाड्याच्या आणि इतरांच्या घरांच्या प्रकल्प नोंदी

१२ जून २०२४, वाडा

आजपासून ही नोंदवही सुरू करीत आहे. वाईजवळच्या आमच्या वाड्यातील पुढचा सोपा, माजघर, देवघर आणि मागची पडवी एवढा भाग लहानशा संग्रहालयाच्या रूपाने लोकांना पाहण्यासाठी खुला करावा, असे तिन्ही चुलत घरांनी मिळून ठरवले असून त्याची मांडणी माझ्याकडे आली आहे. माझा या विषयातला अनुभव शाळेतील इतिहासाच्या अध्यापनापुरताच असल्यामुळे मांडणीला हात घालण्याआधी वस्तुसंग्रहालय झालेली काही घरे नीट पाहून यावीत आणि प्रत्येक भेटीची नोंद ठेवावी, असा माझा विचार आहे.

माळ्यावरून, कोठीच्या खोलीतून आणि फडताळांतून निघालेल्या वस्तू गेल्या आठवड्यात सोप्यात आणून ठेवल्या. तांब्या-पितळेची भांडी चिंच लावून घासली, समया लखलखीत केल्या, चिनी मातीची भांडी धुऊन एका ओळीत मांडली. गडबडीत का होईना, काम चांगले झाले असे वाटते.

२३ जून, पुणे

पहिली भेट राजा दिनकर केळकर संग्रहालयाला दिली. काटेकोरपणे पाहिले तर हे एखाद्या ऐतिहासिक व्यक्तीचे जसेच्या तसे राखलेले घर नव्हे. परंतु एका माणसाच्या घरातच वाढलेला आणि अखेर घरालाच व्यापून उरलेला संग्रह म्हणून त्याच्यापासून सुरुवात करणे योग्य वाटले. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) हे ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे कवी होते. १९२०च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली, पत्नी कमलाबाई यांनी त्यांना साथ दिली आणि अल्पवयात गेलेल्या राजा या मुलाचे नाव त्यांनी संग्रहाला दिले. सुमारे वीस हजार वस्तूंचा हा संग्रह १९७५ मध्ये त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला.

राजवाड्यांतील तलवारी आणि दागिने जमवणारे पुष्कळ असतात. केळकरांची नजर मात्र अडकित्ता, वज्री, दौत, दिवा, फणी आणि विळी यांच्यावर होती. पाय घासण्याच्या वज्रीवर कोणी मोर बसवावा आणि सुपारी कातरण्याच्या अडकित्त्याला कोणी माणसाचा आकार द्यावा, ही हौस त्यांनी टिपली नसती तर यातील बहुतेक वस्तू मोडीत जाऊन वितळल्या असत्या. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेषही त्यांनी उचलून आणून येथे पुन्हा उभे केले आहेत, म्हणजे या घरात आणखी एका घराचा तुकडा राहतो.

एक गोष्ट मात्र मनात राहिली. एकाच प्रकारच्या वस्तू शेजारी शेजारी लावल्या की कारागिराचे कसब उत्तम कळते, परंतु तो अडकित्ता कोणाच्या पानाच्या डब्यात होता, दुपारच्या झोपेआधी कोण सुपारी कातरीत असे, हे कळण्याचा मार्ग बंद होतो. आमच्याकडे अडकित्ता एकच आहे, आणि तो कोणाचा होता हे आत्याला नक्की ठाऊक असणार. मोठ्या संग्रहालयाजवळ नसलेली ही आमची एकमेव श्रीमंती आहे, असे परतताना वाटले.

२९ जून, वाडा

आत्या आज आली. तिचे वय ८४ असून लग्न होईपर्यंत ती याच वाड्यात राहिली. सोप्यातील मांडणी पाहून ती खूश होईल अशी माझी अपेक्षा होती; ती मात्र बराच वेळ काही न बोलता उभी राहिली आणि मग तिने विचारले, “अगं, यांतलं कुठलं कुठे होतं ते लिहून ठेवलंस ना?”

मी लिहून ठेवलेले नव्हते. एकही छायाचित्र न काढता मी वस्तू हलवल्या होत्या. देवघरातल्या मोठ्या समईच्या मानेवर तेलाचा आणि काजळीचा घट्ट थर होता. तो थर रोज सायंकाळी दिवा लावणाऱ्या तीन पिढ्यांच्या बायकांचा होता, आणि मी तो चिंचेने एका सकाळी काढून टाकला. आत्या रागावली नाही, पण “आता ही दुकानातली दिसते” एवढे म्हणाली.

दिवसभर तिला घेऊन वाड्यात फिरले. तिने सांगितलेली प्रत्येक वस्तूची जागा आराखड्यावर पेन्सिलीने मांडली. रोवळी कोणत्या खुंटीला असे, दळणाचे जाते कोणत्या भिंतीशी होते, पायली आणि शेराची मापे कोठीच्या खोलीत दाराच्या मागे का ठेवीत, हे तिने सहज सांगितले. चिनी मातीच्या भांड्यांच्या ओळीत कान तुटलेला एक पांढरा कप होता. तो मी मोडका म्हणून बाजूला टाकला होता. तो पाहून ती म्हणाली, “हा या ओळीतला नव्हे. हा घरातच नसे.” पुढे काही विचारण्याआधी चहा आला आणि विषय बदलला. विचारायचे राहिले आहे.

७ जुलै, पुणे

गंज पेठेतील महात्मा फुले वाडा पाहिला. गेल्या दोन आठवड्यांत ज्या घरातून सर्वांत अधिक शिकले ते घर हेच, आणि त्यात मांडलेल्या वस्तू मात्र सर्वांत कमी होत्या.

जोतीराव आणि सावित्रीबाई यांचे हे राहते घर. आत शिरताच लाकडी खांब, लहान खोल्या आणि मोकळे अंगण दिसते. गर्दीने भरलेली काचेची कपाटे दिसत नाहीत. सुरुवातीला थोडी निराशा झाली, परंतु हौदापाशी आल्यावर ती गेली. १८६८ मध्ये जोतीरावांनी आपल्या घरातील पाण्याचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांसाठी खुला केला. हा हौद काचेत ठेवता येत नाही, दुसरीकडे नेता येत नाही, आणि त्याची प्रतिकृती केली तर ती कोणत्याही हौदासारखी दिसेल. तो घराच्या आत आहे, सार्वजनिक जागेवर नाही, एवढ्या एका गोष्टीत त्याचा सगळा अर्थ सामावलेला आहे. रस्त्यावर पाणपोई घालणे हे दानधर्मात मोजले गेले असते. स्वतःच्या उंबऱ्याच्या आत पाणी भरू देणे हे त्या काळच्या पुण्याला सहन होणारे नव्हते.

मागे जोतीरावांची समाधी आहे. आपला देह दहन न करता मिठात पुरावा, अशी इच्छा त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवली होती. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले तेव्हा वस्तीत दफन करण्यास नगरपालिकेची परवानगी मिळाली नाही, म्हणून दहन करून अस्थी येथे आणून ठेवण्यात आल्या. म्हणजे या अंगणात जे आहे ते त्यांनी मागितलेले नाही, आणि जे मागितले ते येथे होऊ शकले नाही. घर-संग्रहालयात अशीही एक नोंद असते, ती वाचायला मात्र शिकावे लागते.

परतीच्या वाटेवर बुधवार पेठेत भिडे वाड्याच्या जागेपाशी थांबले. १८४८ मध्ये फुले दांपत्याने मुलींची शाळा सुरू केली तो हा वाडा. अनेक वर्षांच्या न्यायालयीन वादानंतर राष्ट्रीय स्मारक उभारण्यासाठी डिसेंबर २०२३ मध्ये तो पाडण्यात आला. स्मारक होईल आणि ते कदाचित देखणेही होईल. परंतु ज्या जिन्यावरून त्या मुली चढल्या असतील तो जिना आता कोणत्याही आराखड्यात परत आणता येणार नाही. मोडकळीला आलेली इमारत टिकवण्याचा खर्च आणि धोका मला आमच्या वाड्यामुळे चांगला ठाऊक आहे, म्हणून येथे कोणाला दोष देण्याचे माझे धाडस होत नाही. हळहळ मात्र वाटते.

२१ जुलै, पुणे

आगाखान पॅलेस. १८९२ मध्ये तिसऱ्या आगाखानांनी बांधलेला हा प्रासाद. ज्यांच्यामुळे तो लोकांच्या लक्षात आहे त्यांचे मात्र तो कधीच घर नव्हता. ऑगस्ट १९४२ पासून ६ मे १९४४ पर्यंत गांधीजी येथे कैदेत होते. येथे आल्यावर आठवडाही झाला नाही तोच, १५ ऑगस्ट १९४२ रोजी, महादेवभाई देसाई गेले आणि २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबा गेल्या. फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींनी एकवीस दिवसांचा उपवासही येथेच केला. १९६९ मध्ये चौथ्या आगाखानांनी ही वास्तू देशाला दिली.

इटालियन धाटणीच्या कमानी, रुंद व्हरांडे, मोठी बाग आणि त्यांच्या मधोमध वापरातली साधी भांडी व चपला, हा विरोध कोणी मुद्दाम मांडलेला नाही. तुरुंग म्हणून राजवाडा निवडला गेला, त्यातून तो आपोआप आला आहे. बागेतील दोन समाध्यांपाशी लोक आपोआप हळू बोलतात. आतील दालनांत मात्र तसे होत नाही, तेथे बहुतेकजण तसबिरींसमोर स्वतःचे फोटो काढत होते.

४ ऑगस्ट, मुंबई

एका दिवसात दोन घरे पाहिली. सकाळी गावदेवीला लॅबर्नम रोडवरील मणिभवन. हे घर रेवाशंकर जगजीवन झवेरी यांचे; १९१७ ते १९३४ या काळात मुंबईतील गांधीजींचा मुक्काम येथे असे. रौलट कायद्याविरुद्धच्या १९१९च्या सत्याग्रहाची आखणी येथून झाली आणि ४ जानेवारी १९३२ रोजी पहाटे गच्चीवरील तंबूतून त्यांना अटक झाली.

तळमजल्यावर ग्रंथालय आहे आणि दुसऱ्या मजल्यावर गांधीजींची खोली राखली आहे: खाली बैठक, चरखे, थोड्या वस्तू, आणि बघणाऱ्याने आत पाऊल टाकू नये म्हणून केलेली आडकाठी. याच मजल्यावर त्यांच्या आयुष्यातील प्रसंग लहान लहान बाहुल्यांच्या देखाव्यांतून मांडले आहेत. मुले खोलीपुढे क्षणभर थांबून देखाव्यांकडे पळत होती आणि तेथे रेंगाळत होती. हे पाहून आमच्याकडेही एखादा देखावा करावा असा मोह झाला. मग वाटले की देखावा दुसऱ्या कोणत्याही इमारतीत चालला असता, ती खोली मात्र चालली नसती. मोह बाजूला ठेवला. हे घर एका पाहुण्याचे आहे, यजमानाचे नव्हे, हेही लिहून ठेवले पाहिजे. झवेरी कुटुंबाच्या घरात स्वयंपाक कोण करीत असे, सतत येणाऱ्या माणसांचे पानवाढप कसे होई, याबद्दलचे कुतूहल माझ्या मनात त्या खोलीपेक्षाही अधिक वेळ राहिले.

दुपारी दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३०च्या दशकाच्या आरंभी हे घर बांधून घेतले आणि मगधाच्या प्राचीन राजधानीचे नाव त्याला दिले. राहण्यासाठी जागा हवी म्हणून माणूस घर बांधतो. येथे ग्रंथांना जागा हवी हेही तितकेच मोठे कारण होते. खालच्या मजल्यावर त्यांच्या वस्तू आणि छायाचित्रे पाहता येतात, आणि वरच्या मजल्यांवर कुटुंबाची वस्ती आहे. आमच्या दृष्टीने ही बाब फार मोलाची आहे, कारण आमच्याही वाड्याच्या मागच्या भागात धाकट्या काकांचे घर राहते आहे. राहत्या घराखाली संग्रहालय चालवायचे तर आवाज, वेळा, चपला काढण्याची जागा आणि सणाच्या दिवशी कुटुंबाचा खासगीपणा या गोष्टी आधी ठरवाव्या लागतील.

१८ ऑगस्ट, वाडा

लंडनला राहणाऱ्या मावसभावाला मी दोन घरे पाहून कळवण्याची विनंती केली होती. त्याचे सविस्तर पत्र आले.

पहिले घर १० किंग हेन्रीज रोड. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना १९२१–२२ मध्ये बाबासाहेब येथे राहत होते. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ते विकत घेतले आणि त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला त्याचे स्मारक म्हणून उद्घाटन झाले. नंतर अडचण निघाली ती राहत्या गल्लीतील घराचा वापर बदलण्याची. शेजाऱ्यांच्या तक्रारी आल्या, तेथील स्थानिक परिषदेने परवानगी नाकारली, सार्वजनिक चौकशी झाली आणि अखेर मार्च २०२० मध्ये ब्रिटिश सरकारच्या मंत्र्यांनी परवानगी दिली. ग्रामपंचायतीचा दाखला आम्ही अजून मागितलेला नाही, हे वाचून लक्षात आले. उद्याच अर्ज करायचा आहे.

दुसरे घर लिंकन्स इन फील्ड्स येथील वास्तुरचनाकार सर जॉन सोन यांचे. आपल्या मागे घर आणि संग्रह आपण ठेवला तसाच राहावा म्हणून त्यांनी १८३३ मध्ये पार्लमेंटकडून स्वतंत्र कायदाच करून घेतला; १८३७ मध्ये ते वारले. इजिप्तचा राजा सेती पहिला याची दगडी शवपेटी त्यांच्या घरात आहे, आणि बिजागरीवर उघडणाऱ्या फळ्यांवर दोन्ही बाजूंनी चित्रे लावून त्यांनी एका भिंतीत कितीतरी भिंतींची जागा केली आहे. मावसभावाने पुढे लिहिले आहे की ब्रिटनमधील अशा जुन्या घरांत खुर्चीवर कोणी बसू नये म्हणून तिच्यावर पाइनचा शंकू किंवा एखादे काटेरी बोंड ठेवतात, पाटी लावीत नाहीत. ही युक्ती आत्याला फार आवडली; “आपल्याकडे झोपाळ्यावर सराटे पसरू” असे ती म्हणाली.

सोन यांचा हट्ट मला निम्मा पटतो. वस्तू जागच्या जागी ठेवण्याची त्यांची काळजी अगदी खरी. परंतु मालकाने स्वतःच आपल्या घराचे संग्रहालय केले की घर मालकाला हवे तेवढेच बोलते.

१ सप्टेंबर, वाडा

वस्तूंना क्रमांक देण्यास सुरुवात केली. धातू आणि चिनी मातीच्या वस्तूंवर, न दिसणाऱ्या बाजूला, पॅरालॉइड बी-७२ या पारदर्शक रेझिनचा एक थर, त्यावर शाईने क्रमांक आणि वर पुन्हा एक थर, अशी पद्धत ठेवली आहे. हा थर अ‍ॅसिटोनने केव्हाही काढता येतो. कापडावर सुती पट्टी शिवायची, कागदावर फक्त मऊ पेन्सिल वापरायची. लुगडी आणि कागदपत्रे यांच्यावर ५० लक्सपेक्षा अधिक प्रकाश पडू नये म्हणून माजघराची पूर्वेकडील खिडकी जाड पडद्याने झाकली. फडताळाच्या मागे वाळवीची ताजी माती सापडली. पावसाळा संपेपर्यंत ते भिंतीपासून वीतभर पुढे ओढून ठेवले आहे.

१३ ऑक्टोबर, मेणवली

घराजवळचे म्हणून जे सर्वांत शेवटी पाहिले ते मेणवली. कृष्णेच्या काठी नाना फडणवीस यांचा सहा चौकी वाडा, त्याच्या मागे घाट, आणि घाटावरील देवळांजवळ टांगलेली मोठी घंटा. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई घेतली, त्या विजयानंतर ती इकडे आली. तिच्यावर बाल येशूला घेतलेली मेरी आणि १७०७ हे वर्ष आहे.

गेली कितीतरी वर्षे मी ही घंटा पाहत आले आहे, परंतु या उन्हाळ्यानंतर ती वेगळी दिसली. ती तिच्या जागेवर नाही, आणि तरीही तिने काहीच गमावलेले नाही, कारण ती कुठून निघाली, कोणी आणली आणि कशासाठी आणली हे सर्व सांगता येते. वस्तू हलली म्हणून बिघडत नाही. तिची वाट विसरली गेली की बिघडते. समईच्या बाबतीत मी नेमके हेच केले होते. थर परत येणार नाही, पण तो होता, कोठे होता आणि कोणी काढला, हे तिच्या पाटीवर लिहिता येईल. घाटाच्या पायरीवर बसूनच ती पाटी लिहिली आणि त्यात “या नोंदी लिहिणारीने” असे शब्द घातले.

वाड्यातील भिंतींवरची चित्रे जागोजागी फिकी पडली असली तरी ती ज्या भिंतीवर काढली त्याच भिंतीवर आहेत, आणि दिवाणखान्यात ज्या उंचीवर बसणाऱ्याची नजर जाईल त्या उंचीवरच ती काढली आहेत. उभ्याने पाहणाऱ्याला हे कळत नाही. मी परवानगी घेऊन जमिनीवर बसले तेव्हा कळले.

२० ऑक्टोबर, वाडा

आत्याला कपाबद्दल अखेर विचारले. तिने कप हातात घेतला नाही, नुसता पाहिला. मागच्या पडवीत, दाराच्या बाहेरच्या अंगाला, हातभर उंचीवर एक कोनाडा आहे. कप त्यात उपडा ठेवलेला असे. गावकुसाबाहेरच्या वस्तीतून कामाला येणारे गडी तो स्वतः काढीत, आजी वरून चहा ओतीत असे, आणि पिऊन झाल्यावर ते तो विसळून पुन्हा तेथेच ठेवीत. विहिरीवरही तसेच होते. “आम्ही पोरं त्या कपाला हात लावत नव्हतो. कोणी सांगितलं होतं असंही नाही,” असे ती म्हणाली.

सोप्यातल्या ओळीत ठेवला तेव्हा तो मला केवळ कान तुटलेला कप वाटला होता.

२७ ऑक्टोबर, वाडा

तिन्ही घरांची बैठक. पाट्यांचा मसुदा वाचून दाखवला. प्रत्येक पाटीवर तीन गोष्टी आहेत: वस्तू कोणाच्या वापरातली, वाड्यात नेमकी कोठे होती, आणि ही माहिती कोणी सांगितली. कोनाड्याच्या पाटीपर्यंत सर्वांना मजकूर आवडला. त्या पाटीला मोठ्या चुलतभावाने हरकत घेतली. आजी दयाळू होत्या, संपूर्ण गाव त्यांचे नाव काढते, मग लोकांना बोलावून आपल्याच घराची निंदा कशाला, असा त्याचा प्रश्न होता आणि तो रागाने नव्हे, मनापासून विचारलेला होता. आजी दयाळू होती हे मलाही माहीत आहे. मी गंज पेठेतल्या हौदाचे सांगितले: तो ज्या पुण्यात उघडला गेला त्या पुण्यातील इतर घरांत काय चालत होते हे सांगणारी एकही जागा राखली गेली नाही, तर हौद का उघडावा लागला ते पुढच्या मुलांना कसे कळणार? भाऊ गप्प राहिला, पण पटले असे दिसले नाही.

मग आत्या म्हणाली की पाटीवर सांगणारीचे नाव घालायचे असेल तर तिचे घाला, माहेरचे आणि सासरचे दोन्ही. त्यावर कोणी काही बोलले नाही.

१० नोव्हेंबर, वाडा

ग्रामपंचायतीचे पत्र मिळाले. झोपाळ्याला सराटे न लावता सुती दोरी बांधली.

मागच्या पडवीच्या कोनाड्याला काच लावू नये असे ठरले. कप, नोंद क्रमांक २०२४.६७, आज कोनाड्यात उपडा ठेवला. चुलतभावाने पाटीतील “विटाळ” हा शब्द काढू नये, पण “त्या काळी” हे दोन शब्द खोडावेत असे सुचवले. आत्याच्या म्हणण्याप्रमाणे ती शाळेत जाईपर्यंत, म्हणजे स्वातंत्र्य मिळाले त्या सुमारालाही, हे चालू होते, तेव्हा “त्या काळी” म्हणजे कोणत्या काळी, असे त्याने विचारले. शब्द खोडले आणि त्या जागी आत्याने सांगितलेले वर्ष लिहिले.